वाट आणि रान

आईचे गुडघे गेली चार वर्षे तिच्या स्वाधीन नाहीत. माझी बदली तंजावरास झाल्याचे कळले तेव्हा तिने एवढेच विचारले होते, "कावेरी जवळ आहे ना रे?" कावेरी जवळच होती, पण घाटाच्या पायऱ्या उतरणे तिच्याने होईना. एकदा वरच्या पायरीपाशी तिची चाकाची खुर्ची थांबवून मी तांब्याभर पाणी आणले व तिच्या हातावर घातले. तिने ते डोळ्यांस लावले आणि म्हणाली, "नदी माझ्यापर्यंत आणलीस खरी, पण आपण नदीला जाणं वेगळं."

पुढे एका रविवारी तिला श्रीरंगमास नेले. तेथे कावेरी व कोळ्ळिडम या दोन प्रवाहांमधील राखीव वनात २०१५ साली फुलपाखरांचे उद्यान झाले आहे. आतल्या सपाट वाटांवरून खुर्ची ढकलीत आम्ही हिंडलो. कढीपत्त्याच्या एका पानावर हिरवी अळी दिसली तेव्हा आई कितीतरी वेळ वाकून पाहत राहिली. जन्मभर जी पाने तिने फोडणीत टाकली, त्यांवर आणखी कोणाचा तरी संसार चालतो, हे तिला त्या दिवशी दिसले.

ही हकीकत मी एका स्नेह्यांस सांगितली. ते मोठे पायपिटे गृहस्थ. ते म्हणाले, "सर्व ठीक. पण रानात वाट बांधली की रान रान राहत नाही. वाटेमागून दुकान येते, दुकानामागून गर्दी."

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. गर्दीने आणि कचऱ्याने विटलेले नदीकाठ आपण सर्वांनीच पाहिले आहेत. निसर्गाचे काही वैभव त्याच्या दुर्गमतेतच असते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु एक प्रश्न उरतोच. रानाच्या रक्षणासाठी कोणीतरी त्याग करावयाचा असेल, तर तो कोणी करावयाचा? माझे स्नेही रानात जातात, पक्षी पाहतात, परत येतात आणि मग वाट नको म्हणतात. या व्यवस्थेत रान सुरक्षित राहते ते आईच्या खर्चाने. त्यांच्या पदरचे काहीच जात नाही. ज्याच्या ताटात आधीच कमी वाढले आहे, त्यालाच उपवासाचे पुण्य सांगावे, तसा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, दुर्बलांविषयी दया आपल्याकडे होतीच. होती. तंजावरच्या भोसले राजांनी यात्रेच्या वाटांवर छत्रे चालविली. तेथे वाटसरूस अन्न मिळे, आजाऱ्यास औषध मिळे. त्या परंपरेचा आपणा मराठी माणसांस अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण छत्र हे दात्याच्या मर्जीवर उभे असते. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधी २०१६ साली जो कायदा झाला, त्याने ही गोष्ट मर्जीवरून काढून हक्कावर ठेवली. वरच्या पायरीवर मी आईला पाणी आणून दिले, ती दया होती. ती स्वतः नदीपाशी गेली असती, तर तो तिचा हक्क ठरला असता. तिला हा फरक कायदा न वाचताच कळला होता.

मग वाट कशी असावी? याचे उत्तर इथल्याच नदीने देऊन ठेवले आहे, असे मला वाटते. तंजावरपासून फार दूर नाही असे कल्लणै हे पुरातन धरण करिकाल चोळाचे मानतात. त्याने कावेरी कोंडून धरली नाही; पाण्याला फक्त वळण लावले, आणि सारा त्रिभुज प्रदेश पिकविला. वाटही तशीच हवी. बारा हातांना एका हाताहून अधिक चढ नसावा, झाडाच्या मुळांना वळसा असावा, आणि पुराने ती वाहून गेली तर पुन्हा बांधण्याची तयारी असावी. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर चाकाच्या खुर्च्यांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरात लाकडी वाट झाली. दोनच आठवड्यांत वादळाने ती मोडली. ती दुरुस्त करण्यात आली. समुद्राशी भांडण न मांडता माणसाने एवढे करावे, हे योग्यच.

म्हणून माझ्यापुरता मी एक नियम ठरविला आहे. जेथे पक्ष्यांची वीण आहे, जेथे माणसाचे पाऊलच नको, तेथे कोणीच जाऊ नये; आईही नको, मीही नको, माझे पायपिटे स्नेहीही नकोत. पण जेथे मी जातो, तेथे तिलाही जाता आले पाहिजे. तिला जेथे वाट नाही, तेथील निसर्गप्रेमाचा माझा अभिमान मला आता थोडा उसना वाटतो.

परतताना आईने विचारले, "पुन्हा कधी यायचं?" घाटावरून परतताना तिने हे कधी विचारले नव्हते.