वजावटीचे एक हजार रुपये

स्वारगेटच्या जेधे चौकात आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांच्या मोटारीला एका रिक्षाने मागून धडक दिली. चूक रिक्षाचालकाची होती व ती त्याने कबूलही केली. दुरुस्तीचा खर्च गृहस्थांच्या विमा कंपनीने दिला. मात्र पॉलिसीतील अनिवार्य वजावटीचे 1000 रुपये त्यांच्या पदरचे गेले. त्यांनी आम्हांस विचारले, "फादर, हे पैसे मागावेत, की ख्रिस्ती माणसाने ते सोडून द्यावेत?"

1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार असे नुकसान समोरच्या वाहनाचा मालक व त्याची विमा कंपनी यांच्याकडून मागता येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. पण हजार रुपयांसाठी ती पायरी कोण चढणार? म्हणून हा व्यवहार अखेर दोघांच्या सदसद्विवेकावर येऊन ठेपतो.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते भरपाई हा दयेचा नव्हे, न्यायाचा विषय आहे. नुकसान करणाऱ्यास त्यातून कवडीचा लाभ झाला नसला, तरी त्याने ते भरून दिले पाहिजे. तेव्हा मागणे हे पाप नव्हे. क्षमा करणे निश्चितच थोर. परंतु क्षमा हा ज्याचे नुकसान झाले त्याचा अधिकार आहे, करणाऱ्याने ती गृहीत धरू नये.

आम्ही एवढेच विचारले, "तुमचा दावा तरी पूर्ण खरा होता ना?" गृहस्थ गप्प झाले. गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने पुढच्या दारावरचा जुना ओरखडाही त्यांनी याच दाव्यात बसवला होता. 'कंपनीचेच तर पैसे!' असे आपण म्हणतो. पण ते पैसे हजारो विमेदारांच्या हप्त्यांतून आलेले असतात. चौपट परत करणारा जक्कय आपण प्रवचनात ऐकतो आणि गॅरेजच्या दारात विसरतो.

पुढे त्या गृहस्थांनी ओरखड्याची रक्कम कंपनीस परत केली. त्यांच्या संमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत. मग ते स्वारगेटच्या रिक्षा थांब्यावर गेले. चालकाने दोन हप्त्यांत हजार रुपये दिले व त्यांनी ते घेतले. त्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत असती, तर ते सोडून देणे हेच प्रीतीचे कृत्य ठरले असते. तशी वेळ नव्हती. देणे फेडून तो मनुष्य ताठ मानेने उभा राहिला, हेही काही कमी नव्हे.

वाचकहो, दुसऱ्याकडे न्याय मागण्यास निघताना आपण प्रथम स्वतःचे हात पाहावेत.