मंडपेश्वर: पाठ आणि प्रक्षेप

युद्धकाळातील सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा प्रश्न सामान्यतः कायद्याच्या परिभाषेत मांडला जातो. कोणत्याही लोकसमूहाच्या सांस्कृतिक संपत्तीची हानी ही अखिल मानवजातीच्या वारशाची हानी होय, अशी भूमिका १९५४ च्या हेग कराराने घेतली. भारताने तो १९५८ मध्ये स्वीकारला. ('लष्करी निकड' ही पळवाट त्याच करारात आहे, हेही लक्षात ठेवावे.) या भूमिकेत एक गृहीत दडलेले आहे: वारसा युद्धापूर्वीच सिद्ध असतो आणि युद्ध त्याच्यावर बाहेरून कोसळते. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यासमोर हे गृहीत टिकत नाही.

सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेले हे शैव लेणे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याचे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ केले, माथ्यावर मठ बांधला. आतल्या भिंतीवर आधीचे शिल्प नाहीसे होऊन तेथे क्रूस कोरला गेला. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. आज लेण्यात भग्न नटराज आहे, शिवलिंगाची पूजा चालते, क्रूसही आहे. वर मठाचे अवशेष उभे आहेत. यांतील वारसा कोणता आणि वारशावरचा घाव कोणता?

अशा वेळी आपल्या समीक्षेच्या हाताशी एक रूपक तयार असते: खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्राचे, म्हणजे पॅलिम्प्सेस्टचे. ते मला अपुरे वाटते. थर वाचण्याचा आनंद बहुधा ज्याचे काहीच खरवडले गेलेले नाही अशा वाचकाला मिळतो, आणि खरवडणारा हात रूपकात अदृश्य होतो.

अधिक उपयोगी दृष्टांत पाठचिकित्सेचा. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने जे श्लोक प्रक्षिप्त मानले ते टाकून दिले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. आजच्या संपादकाचा निर्णय उद्याच्या संपादकाला फिरवता यावा, अशी ती सोय. भिंतीला मात्र तळटीप नसते. क्रूस छिन्नीने काढला तर आधीचे शिल्प परत येणार नाही. आणखी एक लोप तेवढा घडेल. युद्धोत्तर रक्षण म्हणजे 'मूळ' पाठाची पुनःस्थापना, हा आग्रह म्हणून येथे तर्कानेही लंगडा ठरतो.

याने जेत्याची कृती निर्दोष होत नाही, मग जेता कोणीही असो. वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. घंटा टिकल्या, वाजत राहिल्या. परंतु लूटही वस्तू टिकवते. रक्षणात दुसऱ्याच्या दाव्याची नोंद असावी लागते. घंटेवरचे साल कोणी घासून टाकले नाही, ही अशी नोंद म्हणावी की निव्वळ अनास्था? मला अनास्थाच अधिक संभवनीय वाटते. तरी तिचे उपकार मानावेत, कारण तिच्यामुळेच ती घंटा विजयचिन्ह म्हणून आणि कोणाची तरी गेलेली वस्तू म्हणून, अशी दोन्ही प्रकारे वाचता येते.

मंडपेश्वरी दोन्ही दाव्यांचे धनी शेजारीच नांदतात: महाशिवरात्रीला लेण्यात येणारे भाविक आणि जवळच्या आय. सी. कॉलनीतील ख्रिस्ती वस्ती. 'संरक्षित स्मारक' ही संज्ञा दोघांच्याही अवशेषांना सारखीच लागू पडते. कोणी कोणाचे काय पुसले हे सांगण्याची जागा तिच्यात नाही. ती तळटीप लिहायची झाली तर तिच्या मजकुरावर दोघांचे एकमत होईलच, असे धरून चालता येत नाही.