सुखाचा पाठलाग

सुख कोणाला नको आहे? मुंगीलाही हवे आहे. पण 'मला सुख हवे, मला सुख हवे' असे घोकीत बसल्याने ते येते, की पदरी असलेलेही जाते? हा प्रश्न कीर्तनात पुष्कळ वेळा निघतो. मानसशास्त्राचे प्राध्यापक तो नुसता विचारून थांबत नाहीत; माणसे बसवून तपासून पाहतात.

अमेरिकेतील आयरिस मॉस या विदुषीने सहकाऱ्यांसह २०११ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांना सुखी असण्याचे थोर फायदे सांगणारा मजकूर वाचायला दिला, काहींना दुसराच. मग कोणाला आनंदाचा चित्रपट दाखविला, कोणाला दुःखाचा. दुःखाच्या वेळी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण आनंदाचा चित्रपट पाहताना, सुखाची थोरवी वाचून आलेल्या बायकाच कमी आनंदल्या! समोर सगळे चांगले चालले असून मला हवे तेवढे बरे का वाटत नाही, म्हणून त्या मनातून खट्टू झाल्या होत्या.

पुढे २०१५ साली ब्रेट फोर्ड, मॉस आणि इतर संशोधकांनी अमेरिका, जर्मनी, रशिया आणि पूर्व आशिया येथील विद्यार्थी पाहिले. अमेरिकेत सुखाच्या मागे लागणारे कमी समाधानी निघाले, जर्मनीत तसा संबंध दिसला नाही, आणि रशियात व पूर्व आशियात ते उलट अधिक समाधानी निघाले. कारण तिकडे सुख शोधायचे म्हणजे चार माणसांत मिसळायचे, कोणाच्या उपयोगी पडायचे, असा अर्थ अधिक.

आता 'पाहा, पूर्वेकडचेच शहाणे!' म्हणून मिशीवर ताव देऊ नये. हिंदुस्थान त्या पाहणीत नव्हता. शिवाय आपल्या घरांत 'सगळ्यांच्या सुखात तुझे सुख' हे वाक्य बहुधा सुनेलाच ऐकवतात. ऐकवणारा मात्र पाटावरून उठत नाही. हे काही उपयोगी पडणे नव्हे, राबवून घेणे झाले.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. सेवेने सुख मिळते असे कळल्यावर सुखासाठीच सेवा करू लागलो, तर ती सेवा राहिली का? मला वाटते, सुरुवातीला राहते. पंगतीत वाढणाऱ्याने पुण्याच्या लोभाने बादली उचलली तरी चालेल. भुकेल्याच्या पानात आमटी पडते. पण दर पानापाशी थांबून 'आता मला किती आनंद झाला' असे तो मोजू लागला, तर शेवटची ओळ उपाशी उठेल.

आणि ज्याच्या घरी मूल गेले आहे, किंवा ज्याचे मन आजारानेच खचले आहे, त्याला 'बाबा, आनंदी राहा' म्हणणारे आपण त्याच्या दुःखावर आणखी एक अपराध लादतो. त्याच्याजवळ बसावे. चूल पेटली नसेल तर भाकरी न्यावी. आजार असेल तर डॉक्टरकडे सोबत जावे. त्याला हसू येते की नाही, हे पाहू नये.