प्लॅनरचा अंदाज आणि प्लॅनरची खात्री

क्वेरी रखडली की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘ॲनालाइज चालवा, आकडेवारी ताजी करा.’ मोठा डेटा नुकताच भरला असेल तर तो बरोबरही ठरतो. पण जॉइनच्या बाबतीत तो सरसकट दिला जातो, हे मला खटकतं. माहितीची चूक वेगळी आणि गृहीतकाची चूक वेगळी. पहिली ताज्या आकड्यांनी सुटते; दुसरीला आकडे कितीही ताजे दिले तरी फरक पडत नाही.

जॉइनमधून किती ओळी येतील, हे ठरवण्याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये आयबीएमच्या सिस्टीम आरसाठी मांडली. दोन्ही टेबलांच्या ओळींचा गुणाकार करायचा आणि जोडणाऱ्या कॉलममधल्या वेगळ्या किमतींच्या संख्येने, दोहोंतल्या मोठ्या संख्येने, भागायचं. पोस्टग्रेस आजही मुळात याच वाटेने जातो. त्यामागे एक समजूत आहे: एका टेबलावरच्या अटीचा दुसऱ्या टेबलावरच्या अटीशी संबंध नाही. समजा, चित्रपटांच्या डेटाबेसमध्ये कोण कशात आहे याच्या एक कोटी नोंदी आहेत. त्यांतल्या शंभरात एक नोंद मराठी चित्रपटाची आणि शंभरात एक पुण्यात जन्मलेल्या नटाची. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर म्हणेल, दोन्ही अटींत बसणाऱ्या नोंदी हजार. पण पुण्याचा नट मराठी चित्रपटात असण्याची शक्यता कितीतरी जास्त. खरा आकडा पन्नास हजारही निघेल. यात शिळं काहीच नाही.

यावर उत्तर येतं की आकडेवारी आणखी बारीक करा. स्टॅटिस्टिक्स टार्गेट 100 वरून 10,000 पर्यंत नेता येतं. पोस्टग्रेस 10 मध्ये, 2017 साली, कॉलमांमधले संबंध नोंदवण्याची सोयही आली. जिल्हा आणि पिनकोड एकाच टेबलात असतील तर तिचा खरा उपयोग होतो. पण ती सोय एका टेबलापुरती आहे, आणि नटाचं जन्मगाव व चित्रपटाची भाषा दोन टेबलांत आहेत. टेबलांच्या प्रत्येक जोडीची आकडेवारी ठेवू म्हटलं तर जोड्या आवरत नाहीत.

म्हणजे याहून हुशार सूत्र शोधायला हवं, असंच कुणालाही वाटेल; माझाही कल तिकडेच होता. पण 2015 मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी आयएमडीबीच्या डेटावर 113 क्वेरी चालवून जे दाखवलं, त्याने तो कल बदलला. जॉइन वाढत गेले तसे अंदाज खऱ्या संख्येच्या खूप खाली घसरत गेले. मात्र इंडेक्सशिवायचा नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरं टेबल पुन्हा धुंडाळणारा जॉइन) बंद करताच सगळ्यांत वाईट प्लॅनांपैकी बरेच गळाले, आणि अंदाज होते तसेच होते! ओळी खरंच थोड्या असतील तर नेस्टेड लूपने हॅश जॉइनपेक्षा किंचित वेळ वाचतो. अंदाज चुकला तर तासन्‌तास जातात. एवढ्याशा लाभासाठी एवढा धोका पत्करणं हा हिशेबच चुकीचा आहे. प्लॅनरला अंदाजाचा आकडा कळतो, पण तो किती भरवशाचा हे कळत नाही. म्हणून सूत्र सुधारण्याआधी, अंदाज चुकला तरी निभावेल असा प्लॅन निवडायला त्याला शिकवलं पाहिजे.

तोवर क्वेरी रखडली की एक्सप्लेन ॲनालाइज खालून वर वाचा आणि अंदाज व प्रत्यक्ष ओळी पहिल्यांदा कुठे फाटतात ते शोधा. एका टेबलाच्या स्कॅनवरच फाटत असतील तर आकडेवारी ताजी करा. जॉइनवर फाटत असतील तर ॲनालाइजच्या नादी न लागता नेस्टेड लूप टाळून पाहा.