आशेचा भाव

धर्मराजाने द्यूतात राज्य घालवले, म्हणून द्यूत वाईट. मग तो जिंकला असता, तर द्यूत चांगले ठरले असते काय? हा प्रश्न मी कीर्तनकारांना कधी विचारला नाही. फैजपुरात मला अजून राहायचे आहे.

आम्हा खानदेशी माणसांचे मटक्याशी नाते लागते ते कापसाकडून. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस उघडला कितीला नि बंद झाला कितीला, हे आकडे तारेने मुंबईला येत आणि लोक त्यांवर पैसे लावीत. १९६१ साली ही सोय बंद पडली. सरळ माणूस घरी गेला असता. पण १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका काढला. कापूस संपला, वात जळतच राहिली!

हिशेब सोपा. तीन पत्ते काढायचे, बेरजेतला शेवटचा आकडा घ्यायचा. पाच, तीन, सहा म्हणजे चौदा, चौका लागला. आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ.

मी शेजारच्या नानांना म्हटले, "नाना, दहाही आकड्यांवर रुपया रुपया लावा. हमखास जिंकाल."

"म्हंजे दहा देऊन नऊ घ्यायचे?"

"आज तुम्ही तेच करता. फक्त हप्त्याने."

गोव्याच्या कॅसिनोतले यंत्र हे याचेच शिकलेले भावंड. बटण दाबताक्षणी आतला निकाल ठरतो. चक्रे नंतर आपली करमणूक करतात. मालकाचा वाटा आधीच कापलेला. यंत्राला मागचे आठवत नाही, म्हणून 'आठवडाभर सत्ता आला नाही, आज येणारच' हे खरे नव्हे. सत्त्याला लाज नसते.

"मास्तर, मंग आमची केळी काय हो? वादळ आलं की बाग आडवी!" नानांनी मला बरोबर पकडले. पण केळीला टेकू दिला तर ती थोडे ऐकते; आकडा कुणाचेच ऐकत नाही. शिवाय केळी पिकली तर नानांना पैसे मिळतात नि कुणाला तरी केळे. मटक्यात नानांना मिळालेले नऊ रुपये पलीकडच्या गल्लीतल्या नऊ जणांचे असतात. म्हणजे धर्मराज जिंकता तरी पंचाईतच होती.

मटका तर कायद्याने गुन्हाच. पण कायद्याच्या खेळातही रुपया टाकायचा तो सिनेमाच्या तिकिटासारखा, गेला असे समजून. तिकिटाचे पैसे वसूल करायला कुणी रात्रीचा खेळ पाहत नाही. गेलेला रुपया शोधायला दुसरा रुपया निघाला, की मागोमाग घरदार निघते.