हरवलेल्या मुलाच्या शोधात



वल्हांडण सण आटोपून यात्रेकरूंचा तांडा यरुशलेमहून परत निघाला होता. बारा वर्षांचा येशू तांड्यातच कुठेतरी असेल, असे समजून मरिया व योसेफ एका दिवसाची वाट चालून गेले आणि मग मुलगा हरवल्याचे त्यांना कळले (लूक २:४१-५२). जगातल्या सर्वात पवित्र घरावरही असा प्रसंग आला.

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी आईवडील आज याच वाटेवर आहेत. मूल घरातच असते, पण हरवलेले असते. मुलगा मिस्साला येत नाही, मुलगी मनातले काही सांगत नाही, कोणी व्यसनात अडकलेला असतो. “आम्ही कुठे कमी पडलो?” हा प्रश्न आईवडिलांना रात्री झोपू देत नाही. अशा पालकांनो, खचू नका. मूल दूर गेले म्हणजे तुमचे सगळे कष्ट वाया गेले असे नाही.

मरिया व योसेफ यांनी प्रथम नातेवाईक व ओळखीचे यांच्यात शोध घेतला. त्यांना विचारायची लाज वाटली नाही. आज आपल्यापैकी कोणी असे विचारू शकेल का? मुलाच्या काळजीने पोळलेला बाप चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो आणि अखेरच्या आशीर्वादाआधीच निघून जातो. कारण बाहेर लोक भेटतील, विचारतील. आपण चौकशी खूप करतो, पण शोधायला सोबत किती जण जातो?

स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता यांनाही विचारले जाते, “या आईवडिलांना साहाय्य करण्यास तुम्ही तयार आहात का?” आपण ‘होय’ म्हटले आहे. ते ‘होय’ फक्त त्या दिवसाच्या जेवणापुरते नव्हते.

संत मोनिका आपल्या मुलासाठी, ऑगस्टीनसाठी, वर्षानुवर्षे रडली. पण ती एकटी नव्हती. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी ऑगस्टीनला पित्याच्या मायेने जवळ केले आणि ३८७ साली त्याला स्नानसंस्कार दिला. आईच्या अश्रूंना ख्रिस्तसभेचा हात मिळाला.

येशू मंदिरात सापडला तेव्हा मरियेने आपले दुःख त्याला सांगितले आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले. त्याचे उत्तर तिला समजले नाही, तरी तिने ते अंतःकरणात जपले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात पालकांना हेच सुचवले होते: मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे, एवढीच चौकशी पुरे नाही; त्याचे मन कुठे आहे हे जाणून घ्या.

म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करू या. पालकांनी एक संध्याकाळ टीव्ही व मोबाईल बंद ठेवून, उपदेश न करता मुलांचे ऐकावे. आणि आपण सर्वांनी काळजीत असलेल्या एका घरी जावे. सल्ला द्यायला नव्हे, तर सोबत बसून एक जपमाळ म्हणायला.

हे प्रभू येशू, तूही आईवडिलांच्या आज्ञेत नाझरेथच्या घरी वाढलास. आमच्या मुलांना सांभाळ, थकलेल्या पालकांना धीर दे आणि आम्हां सर्वांना एकमेकांचे सोबती कर. आमेन.