गाव सोडताना बरोबर काय न्यायचे?



गेल्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक आजी मला भेटल्या. चाळ पाडून टॉवर होणार, म्हणून त्या मुलाकडे विरारला चालल्या आहेत. त्यांना खोलीपेक्षा गल्लीतल्या क्रूसाची काळजी. "मेणबत्ती आता कोण लावील? मी देवाला सोडून गेले, असं तर होणार नाही ना?"

मला कोंडिविट्याची आठवण झाली. फार लांब नाही, अंधेरीच्या सीप्झमध्ये आहे. तेथे कारखान्यांच्या गर्दीत छप्पर नसलेले संत योहान बाप्तिस्ताचे जुने चर्च उभे आहे. येशूसंघीय धर्मगुरूंनी ते १५७९ साली बांधले. अडीचशेहून अधिक वर्षे गावकऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्ने तेथेच झाली. पुढे साथ आली आणि १८४० साली लोकांनी ते सोडून मरोळला नवे चर्च केले. जाताना पुतळे नेले, बाप्तिस्म्याचे दगडी कुंडही नेले. (ते हलवायला किती माणसे लागली असतील!) भिंती आणि मातीतली आपली माणसे मात्र मागे राहिली. १९७३ साली सीप्झ झाले आणि त्या भिंती कुंपणाच्या आत गेल्या.

आयर्लंडमध्ये ग्रेट ब्लास्केट नावाचे बेट आहे. तेथे चर्च नव्हते. लोक होडीने समुद्र ओलांडून मिस्साला जात. १९४७ साली वादळामुळे डॉक्टर पोहोचू शकला नाही आणि एक तरुण दगावला. शेवटी उरलेल्या बावीसेक जणांना सरकारने १९५३ साली किनाऱ्यावर आणले. आज तेथे बहुतेक पडकी घरेच आहेत.

या लोकांनी पाप केले का? मला तसे वाटत नाही. माणसे मरत असताना भिंतींना कवटाळून बसणे ही श्रद्धा नव्हे. पण निघण्यानिघण्यात फरक असतो. मिसर देशातून घाईने निघतानाही मोशेने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या (निर्गम १३:१९). आपण मात्र खोलीचा चेक घेतो आणि आईवडिलांच्या वर्षाच्या मिस्साची तारीख विसरतो.

शिवाय, सगळे प्रश्न जाणाऱ्यालाच का? तो क्रूस मागे राहणाऱ्यांचाही आहे. आजींना मी एवढेच म्हणालो की मेणबत्ती लावणे हे तुमच्या एकटीचे काम कधीच नव्हते. त्यांचे समाधान झाले की नाही, कोण जाणे.

क्रूसाच्या काचेच्या दाराची चावी अजून त्यांच्याकडे आहे. महिनाअखेरीस त्या निघतील. ज्यांना ती घ्यायची असेल, त्यांनी आज मिस्सानंतर त्यांना दारापाशी भेटावे.